जखमी कोंबडी आधी वेगळी करावी

एका कोंबडीला जखम झाली की लाल रंगाकडे आकर्षित होऊन बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात, आणि किरकोळ ओरखडाही जीवघेणा ठरू शकतो. म्हणून औषध शोधण्याआधी तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावे. मात्र तिला इतर कोंबड्या दिसत राहतील अशी जागा निवडावी, कारण पूर्ण दुरावल्यास परतल्यावर तिला कळप सहज स्वीकारत नाही.

१. उकळून कोमट केलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून जखम धुवावी. ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्याने घाई करू नये.
२. फिकट चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे.
३. जखमेवर माश्या बसू देऊ नयेत आणि अळ्या पडल्या नाहीत ना, हे रोज दोनदा पाहावे.

खपली धरून लाली गेल्यावरच तिला संध्याकाळी खुराड्यात सोडावे. खुराड्यातील उघडे खिळे आणि तारांची टोके मात्र जखम दिसली त्याच दिवशी काढावीत.

बेंझोकेनसारखे बधिर करणारे औषध असलेले मलम पक्ष्यांना बाधू शकते, त्यामुळे ते लावू नये. मांजर किंवा कुत्रा चावला असल्यास, जखम लहान दिसली तरी, पशुवैद्यकाकडे न्यावे.