कादंबरीबद्दल मत लिहिताना: काय वाचलं, आणि कशावर वाचलं

‘छान आहे, नक्की वाचा’ या चार शब्दांतून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. या कादंबरीला आपले आठ-दहा तास द्यावेत का, आणि द्यायचे तर छापील प्रत घ्यावी, ई-बुक घ्यावं की ऑडिओबुक ऐकावं, हे त्याला ठरवायचं असतं. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देतच नाहीत. खरं तर ‘फार रटाळ’ हा शेरा पुष्कळदा कादंबरीचा नसून अभिवाचकाच्या सपाट आवाजाचा किंवा फोनवर डोळे ताणून वाचलेल्या पीडीएफचा असतो.

मत लिहिण्याची तयारी वाचतानाच करावी लागते. पुस्तकात एक कागदाची पट्टी वाचनखूण म्हणून ठेवा आणि तिच्यावरच नोंदी करा: पान क्रमांक आणि पुढे तीन-चार शब्द. तीनशे पानांच्या कादंबरीला सहा-सात नोंदी पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त केल्या की वाचणं मागे पडतं आणि टिपणं काढणंच सुरू होतं. आवडलेल्या जागा टिपायला सगळ्यांना सुचतं. जिथे पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं ती जागा मात्र कोणी टिपत नाही, आणि मत लिहिताना तीच सगळ्यात जास्त कामाला येते. स्वतःच्या प्रतीत खुणा करायच्या तर मऊ पेन्सिलीने करा. ग्रंथालयाच्या प्रतीत काहीही करू नका. चिकट पट्ट्यांचा गोंद मागे राहतो आणि जुना, ठिसूळ कागद त्या काढताना फाटतो.

ई-बुकमध्ये रंगवलेली वाक्यं एका जागी जमा होतात, ही मोठी सोय आहे. मात्र अक्षरांचा आकार बदलला की मजकूर नव्याने मांडला जातो, त्यामुळे तुमचं ११२वं पान दुसऱ्याच्या यंत्रावर ११२वं असेलच असं नाही. म्हणून संदर्भ प्रकरणाचा द्या, नाहीतर टक्क्यांत सांगा. ऑडिओत खूण करायला बोट पोहोचेपर्यंत वाक्य पुढे निघून गेलेलं असतं. वीस-तीस सेकंद मागे जाऊन मग खूण करा. शिवाय ऐकलेल्या नावांचं ऱ्हस्व-दीर्घ कानाला नेहमी कळत नाही. लिहिण्याआधी पात्रांची नावं छापील प्रतीत किंवा ई-बुकच्या मोफत नमुन्यात पाहून घ्या.

पुस्तक मिटल्या मिटल्या लिहायला बसू नका. त्या रात्री शेवटच्या वीस पानांचाच अंमल असतो आणि आधीची अडीचशे पानं त्याखाली झाकली जातात. एक-दोन दिवस जाऊ द्या. आठवड्यापलीकडे गेलात तर पात्रांची नावं निसटायला लागतात.

सुरुवातीलाच कोरडी माहिती देऊन टाका: पानं किंवा तास, आवृत्ती, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, आणि तुम्ही ती कशावर वाचली. अनुवादकाचं नाव हा निव्वळ शिष्टाचार नाही. तुम्ही वाचलेली वाक्यं त्याची आहेत, त्यामुळे ‘लेखकाची भाषा बोजड आहे’ असं अनुवाद वाचून म्हणता येत नाही. ‘अनुवादातले संवाद ताठर वाटले’ असं म्हणता येतं, आणि त्याला दोन-तीन वाक्यांचा नमुनाही देता येतो.

त्यानंतर एकच मुख्य मत मांडा आणि त्याला पुराव्याची जागा दाखवा. समजा, तीन बहिणींची एक कादंबरी आहे आणि पहिला मसुदा असा उतरला:

‘कथा छान, पात्रं जिवंत, भाषा ओघवती. मधे थोडी रटाळ.’

आता तेच मत जागा दाखवून:

‘तिघींतली मधली बहीण गोष्ट सांगते. घरातलं सगळं तिला माहीत आहे, पण तिला कोणी काही विचारत नाही. म्हणून प्रत्येक प्रसंग ती दाराआडून पाहिल्यासारखा सांगते, आणि पहिली आठ प्रकरणं ही नजरच पकडून ठेवते. नवव्या प्रकरणापासून घर विकण्यावरून झालेलं एकच भांडण चौघांच्या तोंडून चार वेळा येतं. तिसऱ्या वेळी नवीन काही कळत नाही. तिथे पुस्तक दोन दिवस बाजूला राहिलं.’

‘पात्रं जिवंत’ हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी दाराआडची नजर आली. ‘रटाळ’ला प्रकरण मिळालं आणि कारणही मिळालं. हे वाचून एखाद्याला उलट वाटेल की एकच भांडण चार बाजूंनी ऐकायला मला आवडेल, आणि तो ती कादंबरी मुद्दाम घेईल. नावडतं मतही असं उपयोगी पडतं. ओघवती, खिळवून ठेवणारी, हृदयस्पर्शी, अप्रतिम हे शब्द मसुद्यात दिसले की प्रत्येकाला ‘कुठे?’ असं विचारा. उत्तर आलं तर ते उत्तरच लिहा; नाही आलं तर शब्द काढून टाका.

कथानक किती सांगावं? मलपृष्ठावर जेवढं आहे तेवढं, फार तर पहिल्या चतुर्थांशापर्यंतचं. खून कोणी केला हे सांगू नये, एवढं सगळे पाळतात. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हे मात्र सर्रास लिहिलं जातं, आणि त्यानेही तेवढीच नासाडी होते; वाचणारा पहिल्या पानापासून धक्क्याची वाट पाहतो आणि प्रत्येक पात्रावर संशय घेत बसतो. शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर आधी स्वतंत्र ओळीत सूचना द्या, कितव्या प्रकरणापर्यंतचं उघड होणार आहे ते लिहा आणि मगच पुढे जा.

आता वाचण्याच्या प्रकारांविषयी. कागदच श्रेष्ठ, असा आग्रह कादंबरीच्या बाबतीत फारसा टिकत नाही. कागद आणि पडदा यांची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र करून २०१८ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, असं त्यात आढळलं; निव्वळ कथात्म मजकुरात मात्र तसा फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षीच्या एका प्रयोगात ५० जणांना २८ पानांची रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना ई-रीडरवर, म्हणजे ई-बुक वाचण्यासाठीच बनवलेल्या यंत्रावर. आकलन बहुतेक बाबतींत सारखंच होतं, पण घटनांचा क्रम लावण्यात छापील प्रत वाचणारे सरस ठरले. छापील पुस्तकात किती पानं डावीकडे गेली आणि किती उरली हे बोटांना सतत कळत असतं, त्याचा यात हात असावा. काळ मागे-पुढे नेणारी, वंशावळ दिलेली, पत्रं आणि तळटीपा असलेली कादंबरी म्हणूनच कागदावर वाचलेली बरी.

ई-रीडर आणि फोन यांना एकाच तागडीत तोलू नका. ई-रीडरचा ई-इंक पडदा कागदासारखा बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो आणि वीज मुख्यतः पान बदलतानाच खर्च करतो. फोनवर वाचताना मधे येणारे संदेश हीच मोठी अडचण. त्यावर वाचलं असेल तर मतात तसं सांगा. मराठी ई-बुक घेण्याआधी नमुना उघडून ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘आश्चर्य’ असे शब्द शोधा. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं असेल, जोडाक्षरं सुटी पडली असतील, तर जुन्या फॉन्टमधला मजकूर न तपासता युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणला आहे, असं समजायला हरकत नाही. तीच गफलत पुढे पानोपानी भेटेल. सहा इंची पडद्यावर पीडीएफचं अख्खं पान आक्रसून येतं. ईपब या ई-बुकच्या फाइल-प्रकारात अक्षरं मोठी केली की ओळी आपोआप नव्याने लागतात. या त्रुटी मतात जरूर नोंदवा, पण वेगळ्या वाक्यात, म्हणजे त्यांचं खापर लेखकावर फुटणार नाही.

ऑडिओबुकबद्दल लिहिताना अभिवाचक कोण, पाठ पूर्ण की संक्षिप्त, आणि वेग किती हे सांगायलाच हवं. आठ तासांचं पुस्तक सव्वापट वेगाने ६ तास २४ मिनिटांत संपतं, दीडपटीने ५ तास २० मिनिटांत; पण दीडपटीवर अभिवाचकाने घेतलेले विराम खलास होतात, आणि मग ‘भावनाच पोहोचत नाही’ ही तक्रार करायला जागा उरत नाही. बोलीभाषेतले संवाद कानाला फार सुंदर लागतात. छापील पानावर अडखळायला लावणारी बोली चांगल्या आवाजात सहज उलगडते. आवाज न बदलता वाचलं असेल तर चार-पाच जणांच्या संभाषणात कोण बोलतंय ते कळेनासं होतं. तो दोष कादंबरीचा की वाचनाचा, हे छापील दोन पानं समोर घेऊन पाहिलं की ठरवता येतं.

आपल्याला काय मानवतं हे ठरलेलं नसेल तर एकाच कादंबरीची तीन सलग प्रकरणं तीन प्रकारांनी वाचून पाहा. प्रत्येक प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुस्तक न उघडता, पात्रांची नावं आणि प्रसंगांचा क्रम कागदावर मांडा. जिथे क्रम चुकतो तो प्रकार हलक्याफुलक्या, सरळ रेषेत जाणाऱ्या कादंबऱ्यांसाठी ठेवा.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दलही लिहावं, फक्त कितव्या प्रकरणाला सोडलं ते सांगून. पाचपैकी तीन गुण देणार असाल तर तुमच्या लेखी तीन म्हणजे काय, ते एकदा लिहा. पात्राचे विचार लेखकाच्या माथी मारू नका. कोणाचं मत पटलं नाही तर ‘तुम्हाला कळलीच नाही’ म्हणण्याऐवजी ‘कोणत्या प्रसंगामुळे असं वाटलं?’ असं विचारा. आणि दुसऱ्या वाचनानंतर मत बदललं तर जुनं खोडू नका; खाली तारीख घालून नवं लिहा, आणि या वेळी ती कशावर वाचली तेही.