रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? परवाना मिळाल्यावर निवड कशी करावी

दुकानात जाण्याआधी परवाना पुन्हा एकदा वाचा. शस्त्राचा प्रकार आणि बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, त्यावर लिहिलेला असतो, त्याबाहेरचं काहीही विक्रेता देऊ शकत नाही. ९ मि.मी. पिस्तूल किंवा .३८ रिव्हॉल्व्हर सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्याची निवड बहुतेक वेळा .३२ च्या रिव्हॉल्व्हर (काडतुसं फिरत्या सिलिंडरच्या घरांत) आणि पिस्तूल (काडतुसं मुठीत सरकवायच्या मॅगझिनमध्ये) या दोनच पर्यायांत होते. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा पहिलंच नीट पारखून घ्यावं.

दोन्ही .३२ असली तरी काडतुसं वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागतं, पिस्तुलाला ७.६५ मि.मी. ब्राउनिंग, म्हणजेच .३२ एसीपी. पहिल्याची गोळी जड आणि संथ, दुसऱ्याची हलकी आणि वेगवान. दोन्ही बेतास बात ताकदीची, म्हणून ‘जास्त दमदार कोणतं’ या वादात वेळ घालवू नका. खरा प्रश्न आहे तो तुमच्या हातांचा.

हात काय सांगतात ते पाहा

विक्रेत्याकडून शस्त्र रिकामं असल्याची खात्री करून घ्या, स्वतःही पाहा आणि मगच हातात घ्या. रिव्हॉल्व्हरचा घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) मागे न ओढता फक्त चाप दाबून पाहा. या लांब ओढीला साधारण साडेचार ते सहा किलोंचा जोर लागतो. तेवढ्यात नळीचं टोक डगमगत असेल तर नेम राहणार नाही. पिस्तुलाची परीक्षा स्लाईडवर, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर होते. .३२ च्या बहुतेक पिस्तुलांत स्लाईडला फक्त स्प्रिंग आणि तिचं स्वतःचं वजन रोखून धरतं, म्हणून ती स्प्रिंग कडक असते. संधिवात असलेल्या किंवा बोटांत जोर कमी असलेल्या माणसाला ती सलग पाच-सहा वेळा ओढणं जड जातं. घाम आलेल्या हातांनी ओढून पाहा.

हलकं ते सोपं, असा समज फार पसरला आहे. कानपूरला तयार झालेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून पुढे आलं, वजन अर्धा किलोच्या आसपास. पर्समध्ये ते बरं वाटतं, पण शस्त्र जितकं हलकं तितका त्याच काडतुसाचा झटका हाताला जास्त जाणवतो. रोज सोबत बाळगायचं नसेल तर थोडं वजनदारच घ्या.

रिकामं कसं करायचं ते शिका

माझ्या मते निवडीचा सगळ्यात मोठा निकष हाच. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडलं की सगळी घरं डोळ्यांसमोर येतात. जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर मधोमध दुमडून उघडतं, २०२३ च्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाजूला येतं. दोन्हींत काडतूस लपून राहत नाही.

पिस्तुलात राहतं. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, हा गैरसमज जीवघेणा आहे. मॅगझिन बाहेर असलं तरी एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत असू शकतं, आणि अनेक पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ते झाडतात. क्रम पाठ करा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढा, मग स्लाईड पूर्ण मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी पाहा, करंगळीनं चाचपा. हा क्रम उलटा केला तर भरलेल्या मॅगझिनमधून नवं काडतूस चेंबरमध्ये जातं. हे दर वेळी न चुकता होईल याची खात्री नसेल तर रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात कमीपणा नाही.

काडतूस फुटलं नाही तर

रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा दाबला की पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात स्लाईड ओढून ते काडतूस फेकावं लागतं. शिवाय मनगट सैल राहिलं तर झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी अडकते. सरावात मात्र दोन्हींसाठी नियम एकच: नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, कारण काडतूस उशिरा फुटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी झाडू नका, आधीची नळीत अडकलेली असू शकते.

जुनं शस्त्र घेताना

वडिलोपार्जित किंवा वापरलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर ते पडल्यास घोडा काडतुसावर आपटू नये यासाठी आत अडसर आहे का, हे परवानाधारक आर्मररकडून (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून) तपासून घ्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात घुसली होती. अडसर नसलेल्या शस्त्रात घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवतात. पिस्तुलाबाबत सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) नीट बसते का आणि जादा मॅगझिन मिळतं का, हे विचारा.

सरावाचा हिशेब

महिन्यातून एकदाही रेंजवर जाणं जमणार नसेल तर माझा कौल रिव्हॉल्व्हरला. नियमित जाणार असाल तर पिस्तूल घ्या. त्याच्या चापाची ओढ बहुधा हलकी असते, मूठ चपटी असते आणि भरायलाही वेळ कमी लागतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो .२२ पिस्तुलाचाच. वरळी किंवा बालेवाडीच्या रेंजवर जाऊन प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्ही प्रकार झाडून पाहता येतील का, याची खरेदीआधी चौकशी करा.

पैसे देताना शस्त्रावरचा क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि परवान्यावरची नोंद जुळवून पाहा. घरी भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी आधी बसवा, शस्त्र नंतर आणा. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला तर पावती जपून ठेवा.