पाठाचं उद्दिष्ट ठरवताना या चुका टाळा

तास संपताना वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारून बघा, "आज काय शिकलास?" उत्तरं साधारण अशी येतात: "पान 42", "तो बाटलीचा प्रयोग", "भागाकार". मुलाचं काही चुकलेलं नसतं, जे डोळ्यांपुढे घडलं ते त्याने सांगितलं. टाचणातलं, म्हणजे आपण पाठाची जी लेखी आखणी करतो तिच्यातलं, उद्दिष्ट त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. खरं सांगायचं तर बरेचदा ते आपल्यालाही आठवत नसतं, कारण ते टाचण पूर्ण दिसावं म्हणून लिहिलेलं असतं.

कृतीलाच उद्दिष्ट समजणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात उशिरा लक्षात येणारी चूक ही. 'विद्यार्थी पाण्याची गाळणी तयार करतील' हे वाक्य घ्या. मुलं कापलेल्या बाटलीत कापूस, वाळू, खडी यांचे थर रचतात, वरून गढूळ पाणी ओततात, खाली नितळ पाणी आलं की टाळ्या पडतात. तास मस्त झाला असं सगळ्यांनाच वाटतं. पण गाळणी बनवणं हे काम झालं. त्यातून शिकायचं काय होतं? गाळल्यावर न विरघळलेले कण मागे राहतात आणि विरघळलेले पदार्थ पाण्याबरोबर खाली जातात, हे.

एवढं स्वतःशी स्पष्ट केलं की तासच बदलतो. गढूळ पाण्याशेजारी मिठाच्या पाण्याचा ग्लास येतो. गाळण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा: मीठ अडकेल की खाली जाईल? मग गाळलेल्या पाण्याचे चार थेंब काचेवर वाळू द्यायचे. पांढरा थर दिसतो आणि 'दिसायला स्वच्छ म्हणजे स्वच्छ' ही समजूत डळमळते. बाटली तीच, वाळू तीच. पण आता घरी जाऊन सांगण्यासारखं काहीतरी मुलाकडे आहे.

तपासायची सोपी युक्ती: उद्दिष्टाच्या वाक्यातून आजचं साहित्य काढून टाका. 'बाटली', 'तक्ता', 'चित्र' हे शब्द गेल्यावर मागे काहीच उरत नसेल, तर ते उद्दिष्ट नव्हतं. भाषेच्या तासालाही हेच लागू पडतं. 'झाडाविषयी दहा ओळी लिहितील' असं म्हटलं की मुलं झाडाची माहिती जमवत बसतात. आपल्याला हवं होतं ते वर्णनाचा क्रम धरणं, आधी लांबून दिसणारं, मग जवळचं. मग तसं सांगा की! झाडाऐवजी बसस्टँड आला तरी जमलं पाहिजे.

'समजेल', 'जाणीव होईल', 'परिचय होईल'

हे शब्द कागदावर भारदस्त दिसतात, पण वर्गात सापडत नाहीत. 'बाष्पीभवन समजेल' असं लिहिल्यावर ते समजलं की नाही हे कशावरून ओळखणार? मान डोलवण्यावरून? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेगर यांनी 1962 साली उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: मूल काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत बरोबर आलं म्हणजे जमलं म्हणायचं. रोजच्या टाचणात तिन्ही भाग कोंबायची गरज नाही, माझ्या मते पहिल्याला मात्र सुट्टी देऊ नये. 'पसरलेला ओला कपडा बोळ्यापेक्षा लवकर का वाळतो याचं कारण मूल स्वतःच्या शब्दांत सांगेल.' हे ऐकता येतं, वहीत वाचता येतं.

(कवितेच्या तासाला हा नियम ताणू नका. एखादी कविता नुसती ऐकायची असते.)

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे वजनदार क्रियापदांचा सोस. शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये मांडलेल्या शिकण्याच्या पायऱ्या 2001 मध्ये सुधारल्या गेल्या: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. वरची पायरी म्हणजे चांगला पाठ, असं काहीजण धरून चालतात. मग टाचणात 'विश्लेषण करतील' आणि वर्गात उताऱ्याखालचे पाच प्रश्न! पाढे पाठ होणं हे आजचं खरं काम असेल तर 'न अडखळता म्हणतील' असं लिहायला लाजू नये.

उद्दिष्ट एक, शेवटचा प्रश्न दुसराच

उद्दिष्ट: अपूर्णांकांच्या बेरजेत छेद समान का करावे लागतात हे सांगणं. स्वाध्याय: दहा बेरजा. मूल तिरका गुणाकार करून दहाही बरोबर सोडवतं आणि 'का' तसाच राहतो. त्यापेक्षा फळ्यावर 1/2 + 1/3 = 2/5 लिहा आणि म्हणा, "बेरीज न करता हे चूक आहे हे सिद्ध करा." 2/5 तर 1/2 पेक्षाही लहान आहे, मग 1/2 मध्ये काही मिळवल्यावर उत्तर कमी कसं झालं, इथवर मूल आलं की छेदांची गोष्ट सुरू करता येते. मी तर आता आधी शेवटचा प्रश्न लिहितो आणि मग पाठ आखतो.

एका तासात चार उद्दिष्टं हीही नेहमीची गडबड. 35–40 मिनिटांत एक नीट पुरतं.

फळ्यावर लिहिलं म्हणजे सांगितलं

उद्दिष्ट फळ्यावर लिहायचं, मुलांनी ते वहीत उतरवायचं आणि पुन्हा त्याकडे कुणी बघायचं नाही, यात सुरुवातीची उत्तम पाच मिनिटं जातात. शिवाय जिथे मुलांनी काही शोधायचं आहे तिथे उत्तर आधीच फुटतं. अशा वेळी प्रश्न लिहा: 'गाळल्यावर मीठ कुठे जातं?' तास संपताना त्याच ओळीकडे बोट दाखवा.

'हे कशाला शिकायचं?' याला 'परीक्षेत येतं' किंवा 'पुढे उपयोगी पडेल' ही उत्तरं मुलं एका कानाने ऐकतात. जवळचं कारण द्या: काल आपण ज्या गणितापाशी अडलो होतो, ते आज सुटणार आहे.

एवढं करूनही अर्ध्या वर्गाला जमलं नाही तर?

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, एकच प्रश्न, चिठ्ठीवर उत्तर. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: जमलं, जवळ आलं, अजून नाही. तिसऱ्या ढिगात सगळ्यांची चूक एकच असेल तर बहुधा आपल्या सांगण्यातच काहीतरी राहिलंय; उद्या तेच उदाहरण मोठ्या आवाजात नको, दुसरं घ्या. चुका वेगवेगळ्या असतील तर मागचं काहीतरी कच्चं आहे, त्या मुलांना वेगळं बसवा. आणि मधला ढीग सगळ्यात मोठा असेल, तर जमलेल्या उत्तरांपैकी दोन चिठ्ठ्या नाव झाकून वाचून दाखवा आणि विचारा, यात काय आहे जे तुमच्यात राहिलं?