गाडीवर वायरलेसचा अँटेना कुठे बसवायचा? आधी टपाकडे बघा

सेट घ्यायला लोक भरपूर पैसे घालतात आणि अँटेना मात्र जिथे वायर पोचेल तिथे ठोकून मोकळे होतात. एक गोष्ट डोक्यात ठेवा, ती उभी दांडी म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे तिच्या खालचा गाडीचा पत्रा. म्हणून जागा शोधायची ती टपाच्या मधोमध, आणि तिथे जमत नसेल तरच खाली उतरायचं.

पहिलं काम, फ्रीजवरचं चुंबक घेऊन खाली पार्किंगमध्ये जा आणि टपावर चिकटतंय का बघा. सनरूफची काच असेल तर नाहीच चिकटणार. मग मोजायची टेप लावा. 145 मेगाहर्ट्झच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या बँडला पाव तरंगलांबीची दांडी साधारण 50 सेंटीमीटरची होते आणि तेवढाच पत्रा चहूबाजूंनी मिळाला तर उत्तम, 435 ला 17 सेंटीमीटरमध्ये भागतं. टपावर सामानाचा कॅरियर असेल तर त्याच्या दांड्यांपासून लांब.

आता मुंबईचा खरा प्रॉब्लेम, उंची! गाडी दीड मीटर, वर अर्ध्या मीटरची दांडी, म्हणजे झाले दोन मीटर, आणि मॉलच्या बेसमेंटच्या तोंडाशी तो आडवा लोंबता पाइप असतोच. त्यावर आकडा लिहिलेला असतो तो आधी वाचा. रोज बेसमेंटमध्ये जात असाल तर दुमडणारा माउंट घ्या, पाच मिनिटांची कटकट वाचते.

भोक पाडून केलेलं फिटिंग सगळ्यात पक्कं, पण नव्या गाडीला ड्रिल लावायची हिंमत माझी तरी झाली नाही. चुंबकवाला बेस सोपा, फक्त तो महिनोन्‌महिने तसाच ठेवू नका. आमची गाडी रुळांच्या बाजूला उभी असते, बेस उचलला की खाली तपकिरी लोखंडी धुळीची गोल रांगोळी दिसते, त्यात खारी हवा आणि पावसाचं पाणी, म्हणजे रंग गेलाच समजा. आठवड्यातून एकदा उचलून ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा.

डिकीच्या कडेला क्लॅम्प लावणार असाल तर आतले बारीक स्क्रू रंग फोडून पत्र्याला टेकलेच पाहिजेत, नुसते रंगावर घट्ट बसले तर काही उपयोग नाही. मल्टिमीटरचं एक टोक ब्रॅकेटला, दुसरं बॉडीच्या उघड्या बोल्टला लावून दोन्ही जोडलेले दाखवतो का ते बघा. या जागेवरून सिग्नल पत्र्याच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पुढे जास्त जातो, मागे कमी. बंपर सगळ्यात शेवटी, कारण अख्खी गाडीच मध्ये आडवी येते.

वायर दाराच्या रबराखालून घ्या पण आत शिरायच्या आधी तिला खाली एक झोका द्या, पाणी तिथूनच गळून जातं. दाराच्या खांबात एअरबॅग असेल तर त्यावरून वायर अजिबात नाही.

हॅम लायसन्स हातात असल्याशिवाय पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायचं नाही हे वेगळं सांगायला नको. सगळं बसलं की गाडी मोकळ्या जागेत काढा, दारं बंद करा आणि एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते यावरून कळतं) बँडची दोन्ही टोकं तपासा. 1.5 च्या आत असेल तर छान. 2 च्या वर गेला तर लगेच दांडी कापायला धावू नका, आधी त्या स्क्रूखालचा रंग बघा. मी दांडी कापून बसलो आणि मग कळलं की स्क्रू रंगावरच होता.