पूर्ण न फिरणारी बेअरिंग्ज लवकर का झिजतात? देखभालीतल्या या चुका टाळा

अंबडच्या एका कारखान्यात प्रेसला पत्रा पुरवणाऱ्या यंत्राच्या दांड्याचे बेअरिंग आम्ही काही महिन्यांतच दुसऱ्यांदा उतरवले. दांडा पूर्ण फिरत नव्हता, काही अंशांत मागे-पुढे हलत होता. आतली रेस (छर्रे ज्यावरून घरंगळतात ते कडे) पुसून पाहिली तर छर्‍यांच्या अंतराने, एकसारख्या ओळीत आडवे व्रण दिसले. त्यांच्या कडेला गेरूसारखी तांबूस भुकटी साचली होती आणि ग्रीस विटकरी झाले होते. भार जास्त झाला असे समजून मी मोठे बेअरिंग आणि अधिक घट्ट ग्रीस सुचवले. निदान चुकीचे होते, त्यामुळे दोन्ही उपायही चुकले, आणि पुढचे बेअरिंग आधीच्यापेक्षा लवकर गेले.

पहिली चूक इथेच होते. अतिभाराने किंवा हातोड्याच्या घावाने रेसवर खळगा पडतो, त्याला ब्रिनेलिंग म्हणतात. त्यात धातू दबतो, पण खळग्याच्या तळाशी ग्राइंडिंगच्या मूळ रेघा बहुधा शिल्लक राहतात. सूक्ष्म हालचालीने होणाऱ्या झिजेला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. त्यात धातू घासला जातो, रेघा पुसल्या जातात आणि लोखंडाच्या ऑक्साइडची तांबूस भुकटी उरते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून हा फरक दिसतो, म्हणून उतरवलेले बेअरिंग भंगारात टाकण्याआधी एवढे तरी पाहावे.

बेअरिंग सलग फिरत असते तेव्हा छर्रा आणि रेस यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकतो. हालचाल उलटते त्या प्रत्येक क्षणी वेग शून्यावर येतो आणि तो थर जवळजवळ नाहीसा होतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब आला की ग्रीस दोन्ही बाजूंना सारले जाते, आणि ग्रीसमधून सुटणारे तेल परत त्या जागी पोहोचण्याआधीच पुढचा झोका येतो. मग धातूला धातू लागतो, घर्षण वाढते आणि सुटलेले कण ऑक्साइड होऊन पॉलिशच्या चूर्णासारखे काम करतात.

हालचाल किती झाली की धोका संपतो, हे अंदाजाने ठरवू नये. सर्वत्र मिळणारे ६२०६ बेअरिंग घ्या. त्यात साधारण ९.५ मिलिमीटर व्यासाचे ९ छर्रे असतात, म्हणजे दोन छर्‍यांमध्ये ४० अंशांचे अंतर. शाफ्ट १ अंश हलला तर आतल्या रेसवर छर्रा सुमारे ०.१९ मिलिमीटर सरकतो, आणि मध्यम भाराखाली स्पर्शाच्या ठिपक्याची रुंदीच मिलिमीटरचे दोन-तीन दशांश असते. म्हणजे छर्रा आपल्या जागेवरून धड हललेलाच नसतो. एका छर्‍याचा माग शेजारच्या छर्‍याच्या मागाला आतल्या रेसवर जाऊन मिळायचा, तर शाफ्टला सुमारे ६६ अंशांचा झोका लागतो. बाहेरच्या रेसवर तोच आकडा सुमारे १०१ अंशांवर जातो. झोक्यांवरून फेऱ्या मोजून आयुष्य काढायचे सूत्र धातूच्या थकव्यापुरते ठीक आहे, या झिजेबद्दल ते काहीच सांगत नाही.

ग्रीसच्या बाबतीत घट्ट म्हणजे चांगले, हा समज सोडावा. छोट्या झोक्यांसाठी मऊ, तेल सहज सोडणारे आणि फार जाड नसलेल्या तेलाचे ग्रीस बहुधा अधिक उपयोगी पडते. पुरवठादाराकडे एएसटीएम या मानक संस्थेच्या डी ४१७० या चाचणीचा निकाल मागावा. तिच्यात बेअरिंग्ज १२ अंशांच्या कोनात, सेकंदाला ३० वेळा, २२ तास हलवून किती मिलिग्रॅम धातू झिजला ते मोजतात. ग्रीस गनने भरताना शाफ्ट स्थिर ठेवणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे, कारण नवे ग्रीस एकाच वाटेने निघून जाते आणि व्रणांच्या जागा कोरड्याच राहतात.

आमच्या यंत्राला शेवटी उपयोगी पडला तो प्रोग्राममधला एक बदल. काम थांबते त्या मोकळ्या वेळात दांडा शक्य तितक्या मोठ्या कोनातून काही वेळा फिरवायचा, म्हणजे ग्रीस पुन्हा पसरते. जिथे कोन कायमच पाच अंशांच्या आत राहणार आहे आणि मोठा झोका देता येत नाही, तिथे छर्‍यांच्या बेअरिंगचा हट्ट सोडून बुश (छर्रे नसलेली साधी नळी) वापरता येईल का, हे डिझाइनच्या वेळीच तपासावे असे माझे ठाम मत आहे.

बंद यंत्रेही यातून सुटत नाहीत. दिंडोरीकडच्या वाइनरीत द्राक्षे चिरडणारी यंत्रे आणि त्यांचे पंप हंगामाचे मोजके महिने चालतात, उरलेला काळ ती त्याच फरशीवर उभी असतात आणि शेजारी चिलरचा कॉम्प्रेसर चालूच असतो. त्याची थरथर फरशीतून उभ्या पंपाच्या बेअरिंगमध्ये पोहोचते आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी पंप गुरगुरतो. स्टँडबाय पंपाचा शाफ्ट ठरलेल्या दिवशी हाताने काही फेरे फिरवून आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी थांबवावा आणि पायाखाली कंपन शोषणारे पॅड द्यावेत.

हेच वाहतुकीत घडते. अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांची बेअरिंग्ज वाटेतच खराब होत, याची उकल १९३७ मध्ये छापून आली होती. कसारा घाटातून टेम्पोने येणाऱ्या मोटरची अवस्था वेगळी नसते. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, अडकवून ठेवणारा लॉक मोटर रिवाइंडिंगला पाठवताना बसवायचा राहतो, म्हणून तो काढल्यावर मोटरलाच बांधून ठेवावा. मोटर उतरवल्यावर लॉक काढून शाफ्ट हाताने सावकाश फिरवावा आणि तो ठरावीक अंतराने अडखळतो असे बोटांना जाणवले, तर मोटर बसवण्याआधीच बेअरिंग बदलावे.