रोबो एक, टार्गेट तीन: सीमेकची मांडणी

माझ्या दोनचाकी रोबोत एसटीएम३२एफ४०७ हा मायक्रोकंट्रोलर मोटरी चालवतो, आरपी२०४० हा दुसरा मायक्रोकंट्रोलर सेन्सर वाचतो आणि पीआयडी (वेग नियंत्रणाचं गणित), ओडोमेट्री (चाकांच्या फेऱ्यांवरून जागेचा अंदाज), पॅकेटचं पार्सिंग मी आधी लॅपटॉपवर तपासते. पूर्वी तिन्हींची प्रोजेक्ट वेगळी होती. एकीकडे दुरुस्त केलेला बग दुसरीकडे तसाच राहायचा. आता सगळं सीमेकच्या (कोडचं बिल्ड आखून देणारं साधन) एकाच प्रोजेक्टमध्ये आहे.

आधी कोड वेगळा करा. चिपच्या हार्डवेअर रजिस्टरला हात न लावणाऱ्या फाइली ‘कोअर’ फोल्डरमध्ये, बाकीच्या आपापल्या बोर्डाच्या फोल्डरमध्ये. कोअरमध्ये बोर्डासाठीचा एकही इफडेफ (अटीनुसार कोड घेणारी किंवा वगळणारी ओळ) नको. तो शिरला की लॅपटॉपवर तपासलेला कोड आणि बोर्डावर चढणारा कोड एकच राहत नाही, मग टेस्ट कशाची केली?

एफ४०७साठी टूलचेन फाइल (कोणता कंपायलर, कोणत्या फ्लॅगसह वापरायचा ते सांगणारी) लिहा. सिस्टमचं नाव जेनेरिक, कंपायलर आर्मचा जीसीसी आणि ट्राय-कंपाइलचं (कंपायलरच्या चाचणीचं) टार्गेट स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा, ज्यातून लिंकर लागतील तेवढ्याच उचलतो. ही शेवटची ओळ राहिली तर सीमेक बहुधा पहिल्याच पायरीवर अडतो: कंपायलर तपासायला तो एक छोटा प्रोग्राम लिंक करू पाहतो, आणि बोर्डाच्या स्टार्टअप कोडशिवाय ते जमत नाही. कॉर्टेक्स-एम४ (एफ४०७चा प्रोसेसर) आणि हार्ड फ्लोटचे (दशांशांचं गणित हार्डवेअरकडून करून घेण्याचे) फ्लॅगही याच फाइलीत ठेवा, एखाद्या लायब्ररीपुरते लावू नका. हार्ड आणि सॉफ्ट फ्लोटच्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र आल्या की लिंकर त्या जोडत नाही. आरपी२०४०च्या एसडीकेकडे (तयार लायब्ररी आणि साधनांचा संच) स्वतःची टूलचेन फाइल असते, तीच वापरा; फक्त एसडीकेची इम्पोर्ट फाइल ‘प्रोजेक्ट’च्या ओळीआधी घ्या.

एका बिल्ड फोल्डरला एकच टूलचेन. म्हणून तीन फोल्डर करा आणि तीन प्रीसेट (बिल्डची साठवून ठेवलेली सेटिंग) लिहा. प्रीसेट सीमेक ३.१९ पासून आहेत.

आता ज्या चुकीने माझे तीन दिवस खाल्ले, ती. टायमरचा इंटरप्ट हँडलर (टायमरने हाक दिली की चालणारं फंक्शन) मी ड्रायव्हरच्या स्टॅटिक लायब्ररीत, स्वतंत्र फाइलीत ठेवला होता. कंपाइल झालं, लिंक झालं, एकही वॉर्निंग नाही. पण पहिला इंटरप्ट आला की रोबो जागीच थिजायचा. डीबगर लावला तर प्रोसेसर स्टार्टअप फाइलीतल्या डिफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये फिरताना सापडला. स्टार्टअप फाइलीत प्रत्येक हँडलरची ‘वीक’ व्याख्या असते, म्हणजे दुसरी खरी व्याख्या जोडली गेली तर बाजूला होणारी. लिंकरला ते नाव तिथेच मिळालं, मग लायब्ररी उघडून माझी फाइल काढायचं त्याला कारणच उरलं नाही. मॅप फाइलीत (लिंकरने काय काय जोडलं त्याची यादी) तिचं नावही नव्हतं.

यावर उपाय सोपा आहे: बोर्डाच्या ड्रायव्हरांसाठी स्टॅटिक नव्हे, ऑब्जेक्ट लायब्ररी करा; तिच्यातल्या सगळ्याच ऑब्जेक्ट फाइली लिंक होतात. ती थेट एक्झिक्युटेबललाच जोडा. दुसऱ्या लायब्ररीमार्फत जोडली तर तिच्या ऑब्जेक्ट फाइली पुढे पोहोचत नाहीत. कोअर मात्र स्टॅटिक असू द्या.

लिंकर स्क्रिप्ट (मेमरीत काय कुठे ठेवायचं ते सांगणारी फाइल) प्रत्येक बोर्डाची वेगळी. एफ४०७च्या १९२ केबी रॅमपैकी ६४ केबी सीसीएम (प्रोसेसरलाच थेट जोडलेली रॅम) आहे आणि डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) तिथे पोहोचत नाही. यूआर्टचे (सीरियल पोर्टचे) डीएमए बफर तिकडे जाऊ देऊ नका. स्क्रिप्टचं नाव एक्झिक्युटेबलच्या ‘लिंक डिपेंड्स’ प्रॉपर्टीत घाला. नाहीतर स्क्रिप्ट बदलूनही सीमेक पुन्हा लिंक करत नाही आणि तुम्ही जुनीच बायनरी बोर्डावर चढवत राहता.