तळव्यावर पडलात, मनगट दुखतंय आणि एक्स-रे 'नॉर्मल' आला, तर

खडीवर बाइक घसरते, कबड्डीत बचावपटू अंगावर येतो, कॅच घेताना तोल जातो. पडताना हात आपोआप पुढे येतो आणि सगळा भार तळव्यावर येतो. लहान मुलांत आणि वयस्कांत अशा पडण्याने बहुतेक वेळा अग्रबाहूचं मोठं हाड मनगटापाशी मोडतं. हात वाकडा दिसतो, त्यामुळे कोणी घरी थांबत नाही. पंधरा ते चाळीस वयाच्या माणसांत, विशेषतः पुरुषांत, मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडायचा संभव मोठा. इथे हात वाकडा होत नाही, सूज बेताची असते आणि बोटंही हलतात. 'मुरगळलंय, होईल बरं' असं म्हणून बाम चोळला जातो. दोन-तीन महिन्यांनी जोर काढताना मनगट कळवळतं, तेव्हा कळतं की हाड मोडलेलं होतं आणि अजून जुळलेलंच नाही.

स्कॅफॉइड साधारण अडीच सेंटिमीटरचं, आकाराने काजूसारखं हाड. मनगटात छोट्या हाडांच्या दोन ओळी असतात आणि हे दोन्ही ओळींना सांधून बसतं, म्हणून तळव्यावरच्या भाराने कमरेतूनच, म्हणजे मधल्या अरुंद भागातून, तुटतं. ते लवकर का जुळत नाही, हे समजलं की पुढच्या सगळ्या सूचना आपसूक पटतात. त्याचा बहुतेक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने मढलेला आहे, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी. गेल्बरमन आणि मेनन या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं की हाडाच्या आतला ७० ते ८० टक्के रक्तपुरवठा मनगटाच्या पाठच्या बाजूने शिरणाऱ्या फांद्यांतून येतो आणि तिथून उलटा, कोपराकडच्या टोकाला जातो. कमरेत भेग पडली की त्या टोकाचा पुरवठा तुटण्याचा धोका असतो. भेग कोपराकडच्या टोकाच्या जितकी जवळ, तितकं हाड उशिरा जुळणार, किंवा जुळणारही नाही.

पहिल्या अर्ध्या तासात

सूज चढायच्या आत अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा गंडा काढा. दुखऱ्या बाजूच्या बोटातलीच नव्हे, त्या हाताच्या सगळ्याच बोटांतल्या अंगठ्या. नाहीतर उद्या त्याच अंगठ्या कापून काढाव्या लागतात. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. जाड पुठ्ठा किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र तळव्यापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत ठेवून वर क्रेप बँडेज गुंडाळा आणि हात झोळीत घ्या. बँडेज किती घट्ट असावं? नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे.

चोळू नका, ओढू नका, 'बसवून' घेऊ नका. गावाकडे हाडवैद्य मनगट ओढून 'सांधा बसवतात'. निखळलेल्या सांध्याची गोष्ट वेगळी, पण इथे बहुतेक वेळा बसवायला काही सरकलेलं नसतं. जी भेग केसाएवढी होती ती ओढण्याने फाकू शकते.

तीन ठिकाणी दाबून बघा

पहिली जागा अशी सापडते: ठेंगा दाखवतो तसा अंगठा ताणून वर करा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन दोऱ्या उठून दिसतात. लोक त्यांना शिरा म्हणतात, पण त्या कंडरा आहेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या. त्यांच्यामध्ये एक खळगी पडते. पूर्वी चिमूटभर तपकीर याच खळगीत ठेवून ओढायचे, म्हणून तिचं नाव अॅनाटॉमिकल स्नफबॉक्स. आता मनगट करंगळीच्या बाजूला थोडं झुकवा म्हणजे स्कॅफॉइड बोटाखाली येतं, आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने खळगीत दाबा. दुसऱ्या हातावरही अगदी तसंच दाबून बघा. तिथून कातडीलगत एक मज्जातंतू जातो, त्यामुळे निरोगी हातावरही दाबल्यावर थोडं टोचतं. फरक किती, ते महत्त्वाचं.

दुसरी जागा तळव्याकडून. मनगट मागे वाकवा. मनगटावरच्या रेषेपाशी, अंगठ्याखालच्या गादीच्या मुळाशी हरभऱ्याएवढा उंचवटा हाताला लागतो. तो स्कॅफॉइडचाच भाग. तो दाबा. तिसरी चाचणी म्हणजे अंगठा सरळ धरून त्याच्या लांबीच्या दिशेने मनगटाकडे हळूच रेटणं. अंगठ्यात नव्हे, मनगटाच्या आत दुखलं तर ती खूण.

तिन्हींपैकी एकही चाचणी एकटी भरवशाची नाही. दुखणारी माणसं अनेक आणि फ्रॅक्चर त्यांतल्या काहींनाच असतं. तिन्ही दुखल्या तर मात्र एक्स-रेच्या कागदावर काहीही लिहून आलं तरी फ्रॅक्चर आहे असं धरून चला.

एक्स-रे कसा मागायचा

चिठ्ठीवर नुसतं 'रिस्ट, एपी-लॅटरल' (मनगट, समोरून आणि बाजूने) असेल तर डॉक्टरांना विचारा, 'स्कॅफॉइड व्ह्यूज लिहिता का?' नेहमीच्या दोन फोटोंत हे हाड आखूड आणि दुसऱ्या हाडांवर चढलेलं दिसतं. स्कॅफॉइडसाठी साधारण चार फोटो घेतात. त्यांतला एक मूठ वळवून, मनगट करंगळीकडे झुकवून. त्या स्थितीत हाड पूर्ण लांबीने उलगडतं आणि कमरेतली भेग दिसायची शक्यता वाढते.

एवढं करूनही पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बरीच फ्रॅक्चरं निसटतात. एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड शाबूत, असा अर्थ या हाडापुरता काढायचा नाही. दोनच रस्ते उरतात. एमआरआय जवळ असेल तर लगेच करा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या सूचनांत स्कॅफॉइडची शंका असलेल्यांसाठी पहिल्याच तपासणीत एमआरआयचा विचार करावा, असं म्हटलं आहे. नसेल तर प्लास्टर किंवा टणक स्प्लिंट घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे. या दिवसांत भेगेच्या कडांचं हाड थोडं विरघळतं आणि जी रेघ आधी दिसत नव्हती ती स्पष्ट होते. दोन आठवडे हात बांधलेला राहिला आणि शेवटी काहीच निघालं नाही, तर नुकसान दोन आठवड्यांचं. फ्रॅक्चर निसटलं तर नुकसान मनगटाचं.

हाड शाबूत निघालं, पण पाठच्या बाजूला मनगटाच्या मधोमध दुखत राहिलं, तर स्कॅफॉइड आणि शेजारच्या ल्युनेट हाडामधला बंध तुटलाय का ते बघायला सांगा. मूठ आवळून काढलेल्या एक्स-रेत दोन हाडांमधली फट ३ मिलिमीटरहून जास्त दिसली तर शंका पक्की.

प्लास्टर की स्क्रू

हा प्रश्न पूर्वी डॉक्टरागणिक बदलायचा. २०२० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्विफ्ट चाचणीचे निकाल आले तेव्हा त्याला बऱ्यापैकी पक्कं उत्तर मिळालं. इंग्लंड आणि वेल्समधल्या ३१ रुग्णालयांतले ४३९ प्रौढ, सगळ्यांचं फ्रॅक्चर हाडाच्या कमरेत, तुकडे २ मिलिमीटरपर्यंतच सरकलेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना प्लास्टर. वर्षभराने दुखणं आणि काम यांचे गुण रुग्णांनीच भरले, शून्य म्हणजे उत्तम आणि शंभर म्हणजे वाईट. ऑपरेशनवाल्यांची सरासरी ११.९ आली, प्लास्टरवाल्यांची १४.०. एवढ्या फरकाला अर्थ नाही. ऑपरेशनच्या गटात १४ टक्क्यांना शस्त्रक्रियेतून गंभीर ठरू शकेल अशी गुंतागुंत झाली, प्लास्टरच्या गटात १ टक्क्याला. प्लास्टरमुळे होणारे त्रास मात्र उलट: १८ टक्के विरुद्ध २.

यातून 'ऑपरेशन कधीच नको' एवढंच उचलणारे लोक अट विसरतात. प्लास्टरच्या गटात ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान हाड जुळतंय का ते तपासलं जायचं आणि जुळत नाही अशी खात्री झाली की लगेच ऑपरेशन. ती तपासणी वगळून नुसतं प्लास्टर घालून बसलात तर हा निकाल तुम्हाला लागू नाही.

सुरुवातीलाच ऑपरेशन कोणाला? तुकडे जास्त सरकले असतील, भेग कोपराकडच्या टोकात असेल, किंवा मनगटातली इतर हाडंही निखळली असतील तर. सरकणं मिलिमीटरमध्ये मोजायचं तर एक्स-रेवर भागत नाही, हाडाच्या लांबीला धरून केलेला सीटी लागतो. ऑपरेशनात जो बिनडोक्याचा स्क्रू घालतात त्याची कल्पना ऑस्ट्रेलियाचे सर्जन टिमथी हर्बर्ट यांची. त्यांचा आणि फिशर यांचा लेख १९८४ चा. दोन्ही टोकांना आटे असतात, पण पुढच्या आट्यांमधलं अंतर जास्त. स्क्रू फिरवला की पुढचा तुकडा मागच्यापेक्षा वेगाने सरकतो आणि दोन्ही आवळले जातात. डोकं नसल्याने स्क्रू कूर्चेच्या खाली पुरता दडतो. तो जरा लांब पडला तर मात्र सांध्यात टोचतो, आणि हीच नेहमीची गफलत.

प्लास्टर कुठून कुठपर्यंत

कोपराच्या खालून बोटांच्या मुळांपर्यंत. तळव्यावरची आडवी घडी उघडी राहिली पाहिजे, नाहीतर मूठ मिटत नाही आणि बोटं आखडतात. अंगठा आत घ्यायचा की नाही, यावर जुने डॉक्टर अजून ठाम असतात. १९९१ मध्ये क्ले, डायस आणि सहकाऱ्यांनी अंगठा मोकळा ठेवलेलं आणि अंगठा झाकलेलं प्लास्टर यांची तुलना केली. हाड न जुळण्याच्या प्रमाणात फरक आला नाही. अंगठा मोकळा असला की पेन धरता येतं, शर्टाची बटणं लावता येतात, जेवता येतं. डॉक्टरांकडे हे मोकळेपणाने बोला, अडून बसू नका. मनगट मात्र पुढे वाकवून बांधलेलं नको, सरळ किंवा किंचित मागे हवं. पुढे वाकवून ठेवल्यास नंतर मागे वळायला त्रास होतो.

पहिले दोन-तीन दिवस हात छातीपेक्षा उंच, झोपताना उशीवर. तासातासाला पाचही बोटं पूर्ण मिटवून उघडायची. बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या थांबेनात, किंवा कोणी दुसऱ्याने बोट सरळ केल्यावर जिवाच्या आकांताने दुखलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. रात्र असली तरी जाऊन प्लास्टर कापून घ्या. उलट प्रकारही होतो: आठ-दहा दिवसांनी सूज ओसरते, प्लास्टर सैल पडून आतल्या आत सरकतं आणि लोक त्याला 'आता आराम पडला' समजतात. प्लास्टरच्या आत मनगट हलतंय असं वाटलं तर ते बदलून घ्या. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी कोपराच्या वर बांधा. फायबरचं प्लास्टर भिजलं तर वरून काही होत नाही, पण आतला कापूस ओला राहून कातडी कुजते. खाज आली म्हणून आत पट्टी किंवा स्वेटरची सुई घालू नका.

बिडी-सिगारेट बंद. हाड न जुळण्याशी धूम्रपानाचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि या हाडाला रक्त आधीच तोकडं. मिश्री आणि तंबाखूतही निकोटिनच असतं.

काढायचं कधी

कमरेतल्या भेगेला साधारण ६ ते १० आठवडे, कोपराकडच्या टोकाच्या भेगेला तीन महिने किंवा जास्त. तारीख आली म्हणून काढायचं नाही. दाबल्यावर दुखत नाही, हा पुरावाही पुरेसा नाही. एक्स-रेत जुळलेलं वाटणारं हाड बरेचदा अर्धवटच जुळलेलं असतं. शंका असेल तर सीटी करून भेगेच्या अर्ध्याहून जास्त भागात हाडाचा पूल बांधला गेलाय का ते बघतात.

जुळलेलं नसेल आणि तसंच सोडलं, तर तुकडे एकमेकांवर घासत राहतात आणि मनगटाची झीज अंगठ्याच्या बाजूने सुरू होते. पाच-दहा वर्षांत ती मधल्या सांध्यांपर्यंत पोचते. झीज व्हायच्या आधी असेल तर मनगटातून किंवा आपल्या (शरीराच्या) कमरेच्या हाडातून हाडाचं कलम घेऊन स्क्रू घालतात. झीज पुढे गेल्यावर उरतात ती हाडं काढायची किंवा जोडून टाकायची ऑपरेशनं, म्हणजे हालचालीचा काही भाग गेलाच.

प्लास्टर निघाल्यावर मनगट लाकडासारखं वाटेल. कोमट पाण्यात हात बुडवून दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं: पुढे, मागे, दोन्ही बाजूंना, आणि निशाणावर डार्ट (छोटा बाण) फेकतात तशी तिरकी हालचाल. ही शेवटची सगळ्यांत कामाची, कारण बाटलीचं झाकण फिरवणं, हातोडी मारणं, भाकरी थापणं यांत मनगट असंच तिरकं चालतं. दोन-तीन आठवड्यांत हालचाल मोकळी झाली की मऊ चेंडू दाबायला घ्या, मग ओला पंचा पिळायचा. जोर-बैठकांतले जोर, दंड, बाइक चालवणं आणि कबड्डी, हे सगळं हाड पूर्ण जुळल्याचं डॉक्टरांनी फोटोत दाखवल्यावरच. जोर आधी भिंतीवर टेकून मारा आणि तळव्याच्या मुळाशी कळ न येता दहा झाले की जमिनीवर या.